मुराळ्याचं कलम

पॅरालीगल डिप्लोमाच्या पहिल्याच आठवड्यात अजिनाथने वहीत लिहिलं, ‘बैल रागात होता.’

सरावाचं प्रकरण साधं होतं. एकाच्या बैलाने दुसऱ्याच्या मोटारसायकलला धडक दिली, त्याची हकीकत लिहायची. राजनंदिनी मॅडमनी समासात पेन्सिलने एकच शब्द लिहिला, ‘कशावरून?’ आणि वही हातात धरून सगळ्यांसमोर विचारलं, “बैलाचा जबाब घेतलात का?”

“नाही मॅडम.”

“मग तो रागात होता हे तुम्हाला कोणी सांगितलं? मोटारसायकलने?”

वर्ग हसला. अजिनाथ हसला नाही, कारण त्याच्या मते मोटारसायकलनेच सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, “मग तेच लिहा. दिवा फुटला, टाकी चेपली, चालक उसात सापडला. राग वाचणाऱ्याला आपोआप दिसेल.”

नगरच्या सावेडीत एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर चालणाऱ्या त्या वर्गाचा सगळा अभ्यास या एका शब्दावर उभा होता. कायदा शोधा, निकाल शोधा, मसुदा लिहा, पण प्रत्येक वाक्याशेजारी ते कशावरून लिहिलं ते नोंदवा. कायद्याचं वाक्य असेल तर कलम सांगा, निकालाचं असेल तर निकाल सांगा, माणसाचं असेल तर त्या माणसाला विचारा. मॅडम आणखी एक गोष्ट सांगायच्या. पक्षकाराला न विचारता त्याच्या भल्याचंसुद्धा काही लिहू नका. हे अजिनाथने वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्यानंतर ते पान त्याने उघडलं नाही.

‘कशावरून’ मात्र त्याच्या अंगात शिरलं. मेसमध्ये काकू म्हणाल्या, भाजी आजचीच आहे. त्याने कशावरून विचारलं आणि काकूंनी त्याला दुसरी मेस बघायला सांगितली. खोलीवरचा मित्र म्हणाला, मी तुला भावासारखा मानतो, त्यालाही विचारलं. मित्राने संध्याकाळपर्यंत विचार केला, त्याला काही आठवलं नाही, आणि दोघांना उगाच वाईट वाटत राहिलं.

अशात एक दिवस गोरखदादाचा फोन आला.

दादा म्हणजे गोरक्षनाथ, अजिनाथचा थोरला भाऊ. कर्जत तालुक्यातली घरची जमीन तोच कसायचा. वडील मागच्या साली गेले. सातबाऱ्यावर वारस म्हणून आई, दादा, अजिनाथ आणि लग्न होऊन कोपरगावला गेलेली आक्का अशी चौघांची नावं लागली. आता राहिलं होतं हक्कसोडपत्र. बहिणीने आपला हिस्सा भावांना सोडून द्यायचा, भावांनी तिला साडी घ्यायची आणि मग सगळ्यांनी एकत्र जेवायचं, असा तो कार्यक्रम. गावात तो प्रत्येक घरी होतो. एखाद्या बहिणीने सही केली नाही तर तिचं नाव सातबाऱ्यावर राहतं आणि बाकी सगळीकडून निघतं.

“तू आता वकिलीचं शिकतूस,” दादा म्हणाला. “घरचा कागद भाईरून कशाला लिहायचा?”

“वकिलीचं नाही दादा, पॅरालीगल.”

“म्हंजे?”

“वकिलाच्या शेजारी बसून कायदा शोधायचा, कागद तयार करायचे.”

“मग शेजारी बसूनच लिही. पितृपक्षाच्या आत उरकायचं हाय.”

अजिनाथला आनंद झाला. बैलानंतर हे त्याचं पहिलंच खरं काम होतं.

कर्जत नगर जिल्ह्याच्या एका टोकाला आणि कोपरगाव दुसऱ्या. आक्काला माहेरी यायला जिल्हा सोडावा लागत नाही, फक्त उरलेला सगळा जिल्हा ओलांडावा लागतो. दर दिवाळीला दादा पिकअप घेऊन तिला आणायला जायचा. लेकीला सणाला माहेरी आणायला जो जातो त्याला मुराळी म्हणतात; दादा इतका मुका मुराळी होता की आक्काच्या सासरच्यांना बरीच वर्षं त्याचा आवाज माहीत नव्हता. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायचा, ओट्यावर बसून चहा प्यायचा, ‘चल’ म्हणायचा. आक्काची पिशवी वसुबारसेच्या आधीच दाराशी भरून ठेवलेली असायची. वाटेत दोघं फारसं बोलायची नाहीत. राहुरी मागे पडली की दादा एका हाताने गाडी चालवत दुसरा हात लांब करून तिच्या बाजूची काच वर करायचा, कारण तिला वारा बाधतो. आक्का हे माहेरी पोचल्यावर सगळ्यांना सांगायची, दर वर्षी, नवीन बातमी असल्यासारखं.

अजिनाथने मसुदा लिहिला आणि रविवारी आक्काला फोन लावला. वाक्याला माणसाचा दुजोरा हवा होता.

“लिहून देणार ज्ञानेश्वरी सुनील,” त्याने वाचलं, “वय बत्तीस.”

“कशावरून?” आक्का म्हणाली. हा खेळ तिला त्यानेच शिकवला होता आणि ती त्यात त्याच्यापेक्षा तरबेज झाली होती.

“आधार कार्डावरून.”

“मग धर खरं. आई म्हनती मी दुष्काळात झाले. आता आपल्याकडं दुष्काळावरून साल कसं काढायचं?”

“व्यवसाय, घरकाम.”

“कशावरून?”

तेवढ्यात तिकडे कुकरची शिट्टी झाली. “ऐकलास पुरावा?” ती म्हणाली. “पुढं वाच.”

अजिनाथने मसुदा खाली ठेवला. “आक्का, आधी एक सांगतो. मी कायदा शोधला. मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, जन्मापासून. दादाचा जेवढा, तेवढाच तुझा. तू सही केलीच पाहिजे असं कुठंही नाही.”

“मला म्हाईत हाय रे. टीव्हीवर सांगत्यात. वाच पुढं.”

“सदरचा हक्क मी राजीखुशीने सोडून देत आहे.”

“लिही.”

“कशावरून?”

“मी म्हनते म्हनून.”

ते चालत होतं. पक्षकाराचं म्हणणं हाही पुरावाच. अजिनाथने समासात नोंद केली. “कोणाच्याही दडपणाशिवाय.”

तिकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

“दडपन म्हंजे काय धरत्यात तुमच्यात?” तिने विचारलं.

“धमकी, मारहाण. कोंडून ठेवणं.”

“न्हाई बाबा. दादानं तर नीट इचारलंबी न्हाई. ‘एक सही लागंल’ म्हनला, आन् म्हशीचं सांगत बसला.”

“मग दडपण नाही.”

“न्हाई.” मग ती जरा हळू म्हणाली, “आज्या, मी सही केली न्हाई, तर दादा दिवाळीला येईल का रं न्यायला?”

“येईल की.”

“कशावरून?”

अजिनाथ समासाकडे बघत राहिला. समास कोरा होता.

“जाऊ दे,” आक्का म्हणाली. “भात करपंल.” आणि तिने फोन ठेवला.

मॅडमचं म्हणणं होतं की उत्तर नसेल तर शोधा. अजिनाथने शोधलं. वर्गातल्या संगणकावर बसून त्याने निकालांच्या साठ्यात ‘माहेर’ हा शब्द टाकला. मराठी निकाल थोडेच निघाले, मग इंग्रजीतून टाकला. ढिगाने निघाले. बायका माहेरी निघून गेल्या होत्या, माहेरी हाकलल्या होत्या, माहेरी नेऊन सोडल्या होत्या, माहेराहून परत यायला तयार नव्हत्या. न्यायालयांनी माहेराबद्दल इतकं लिहून ठेवलं होतं, पण भाऊ पिकअप घेऊन आला आणि बहीण हसत गाडीत बसली असा एकही निकाल नव्हता. अजिनाथने याची कायदेशीर कारणं शोधली. बहुधा ज्या घरी मुराळी वेळेवर येतो, त्या घरातलं कोणी हायकोर्टात जात नसावं.

कायद्यात जे नाही ते करारात लिहिता येतं, हे त्याच आठवड्यात शिकवलं होतं. वर्गातल्या सगळ्यांनी ते घरभाड्याच्या करारासाठी वापरलं. अजिनाथने हक्कसोडपत्रात सातवं कलम घातलं. आक्काला विचारलं नाही. तिला ऐनवेळी ते ऐकू यावं असं त्याला वाटत होतं, जसं वाढदिवसाचं काही तरी लपवून ठेवतात तसं.

कर्जतला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर भिमाजी नावाचे दस्तलेखक बसत. नोंदणीची माहिती संगणकात भरण्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि भरण्याआधी दस्त मोठ्याने वाचण्याची त्यांची पद्धत होती, म्हणजे नंतर कोणी मला म्हाईत न्हवतं म्हणायला नको. आक्का आदल्या दिवशीच एसटीने आली होती. आई तिच्या शेजारी बाकावर बसली होती. दादा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता; त्याच्या काखेत साडीचा खोका होता आणि दादा तो सतत या काखेतून त्या काखेत घेत होता.

भिमाजी सहा कलमं एका दमात वाचून गेले. सातव्याला त्यांनी चष्मा सारखा केला.

“‘सदर हक्कसोडीच्या मोबदल्यात,’” ते वाचू लागले, “‘लिहून घेणार गोरक्षनाथ हे लिहून देणार ज्ञानेश्वरी यांना दरवर्षी दिवाळीस, वसुबारसेच्या आत, स्वतः मुराळी म्हणून जाऊन माहेरी आणतील व भाऊबीजेनंतर स्वतः पोचवतील. वाहन नादुरुस्त असल्याची सबब चालणार नाही. सदर जबाबदारी गोरक्षनाथ यांच्या पश्चात त्यांच्या मुलांवर बंधनकारक राहील.’”

बाकावरची माणसं वळून बघू लागली.

“हे कुणी लिहिलं?” भिमाजींनी विचारलं.

“मी,” अजिनाथ म्हणाला.

“लई भारी लिवलंय. पन मोबदला म्हनलास ना बाळा. मोबदला आला की मूल्यांकन आलं. हितं संगनकात रकाना हाय, तो भरल्याबिगर पुढं जात न्हाई.” त्यांनी बोटं कळफलकावर ठेवली. “दिवाळीचं बाजारमूल्य किती टाकू?”

बाकावर हशा पिकला. दुसऱ्या कामाला आलेल्या एकाने सुचवलं, गोडधोड किती दिवस ते बघा आणि लावा हिशेब. आईला नीट ऐकू येत नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हणून तीही हसली. आक्काने पदर तोंडाला लावला होता. तिचे खांदे हलत होते.

दादा हसला नाही. त्याने खोका बाकावर ठेवला.

“मी भाड्याचा डायवर हाय का?” तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता.

“तसं नाही दादा...”

“इतकी वर्सं गेलो तवा कुनी कागद दावला हुता मला?”

आक्काचं हसू थांबलं होतं. “आज्या,” ती म्हणाली, “ते काढ. हॉर्न वाजला की मला कळायचं दादा आलाय. हे लिवल्यावर मला कसं कळावं, दादा आलाय का कलम सात आलंय?”

“काढतो,” अजिनाथ म्हणाला.

गोष्ट तिथेच मिटली असती. भिमाजींनी तर कलम खोडायला पेनही उचललं होतं. पण दादा अजिनाथकडे वळला. त्याला खरंच कळत नव्हतं.

“मी जानार न्हाई, असं तुला कशावरून वाटलं?”

तो शब्द आला आणि अजिनाथच्या तोंडून उत्तर निघून गेलं, मॅडमनी घोटून घेतलं होतं तसं, संदर्भ आणि वारासकट. “आक्काशी फोनवरचं बोलणं, रविवार.”

हे म्हणून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं.

दादाने आक्काकडे पाहिलं. “व्हय?”

आक्का आईच्या हातातली पिशवी घेऊन ती नीट करत बसली. नीट करण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

“मी जमिनीपायी येतो वाटलं तुला?”

“न्हाई दादा.”

“मग?”

“सहज इचारलं हुतं रे,” ती म्हणाली. “फोनवर मानूस काय बी बोलतं.”

भिमाजींनी सातवं कलम काढून नवा कागद छापला. आत साहेबांनी आक्काला विचारलं, राजीखुशीने करताय ना, आणि ती व्हय म्हणाली. संगणकावरच्या कॅमेऱ्याने तिचा फोटो काढला. कॅमेऱ्याकडे बघा, म्हणाले म्हणून ती बघत होती. त्या फोटोत ती राजीखुशीने दिसते का हे सांगणं अवघड आहे. अंगठा मात्र स्पष्ट उमटला.

घरी पुरण शिजलं होतं. दादाने स्वतः वाढलं, आक्काच्या पानात दोनदा तूप घातलं, साडी दिली. मोरपंखी रंगाची, काठाला बारीक जर. ‘आवडली का’ असंही विचारलं. दुसऱ्या दिवशी तिला एसटी स्टँडवर सोडून आला. एरवी तो कोपरगावपर्यंत जायचा. पिकअप चांगली चालू होती.

दिवाळीच्या सुट्टीत अजिनाथ घरी आला तेव्हा दादा पिकअप धूत होता. आतून, बाहेरून, पायाखालची रबरंसुद्धा काढून घासली. आईने आक्काचं अंथरूण उन्हात घातलं होतं. वसुबारस आली. गाडी वाळली आणि तशीच उभी राहिली.

“दादा, कधी निघायचं?”

दादा टायरवर टेकून बसला होता. “कसा जाऊ सांग,” तो म्हणाला. “गेलो तर तिला वाटंल, सही केली म्हनून आला. न्हाई गेलो तर वाटंल, सही झाली, आता कशाला यील.” त्याने हातातलं फडकं पिळलं. “तुज्या पुस्तकात बघ काय लिवलंय का.”

अजिनाथने पुस्तकं बरोबर आणली होती. कायद्यात अशा माणसाची सोय कुठल्या कलमाखाली लागते हे त्याला सापडलं नाही. शेवटी तोच एसटीने कोपरगावला निघाला.

आक्काच्या दाराशी पिशवी होती. चेन लावलेली, वर घडी केलेली शाल ठेवलेली. आक्का ओट्यावरच होती. तिने अजिनाथला पाहिलं, हसली, आणि त्याच्या खांद्यावरून गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. तिकडून एक सायकल गेली. ती अजून थोडा वेळ बघत राहिली, गाडी लावायला जागा मिळत नसेल एवढा वेळ.

“ये,” ती म्हणाली. “चालत आलास?”

“स्टँडवरून.”

तिने चहा ठेवला. त्यात आलं टाकलं. पाठमोरी असतानाच विचारलं, “दादा?”

“कांद्याची लागण चालू आहे,” अजिनाथ म्हणाला. “मजूर मिळत नाहीत.”

तो थांबला. आता ती विचारेल, एकच शब्द, आणि मग सगळं सांगता येईल. पिकअप कशी धुतली ते, रबरं काढून घासली ते, टायरवर बसून तो काय म्हणाला ते. सगळं तोंडाशी आलं होतं. फक्त तिने विचारायला हवं होतं.

“बरं,” आक्का म्हणाली.

चहा झाल्यावर तिने पिशवी आत नेली आणि कॉटवर उघडली. सगळ्यात वर मोरपंखी साडी होती, दुकानाची चिठ्ठी अजून काठाला तशीच. दिवाळीला माहेरी नेसायची म्हणून राखून ठेवलेली. ती तिने कपाटात ठेवली. बाकीचे कपडे काढले. रिकाम्या पिशवीत वर्तमानपत्र घालून ती फराळ भरू लागली.

“यंदा जमायचं न्हाई रे,” ती म्हणाली. “सासूबाईंचं गुडघं लई धरल्यात. एकटीला टाकून कसं येऊ?”

सासूबाई अंगणात तुळशीपुढे उकिडव्या बसून रांगोळी काढत होत्या. मधूनच उठून कुंडीपलीकडे जाऊन बघत होत्या, ठिपके सरळ आलेत का.

अजिनाथनेही कशावरून विचारलं नाही.

“ही तिखट शेव दादाला,” आक्का सांगत होती. “करंज्या तू खा, त्याला गोड चालत न्हाई. आईला चिवडा मऊ करून द्यायला सांग.” मग तिने त्याला पाटावर बसवलं, भाऊबीज पुढं होती तरी. “आलायस तर ओवाळून घेते.” निरांजन एकदा फिरवलं. थोडं थांबून, त्याच्या शेजारच्या मोकळ्या भिंतीसमोर आणखी एकदा फिरवलं. आपण तिकडे बघत नाही असं अजिनाथने दाखवलं.

परतीची एसटी अर्धी रिकामी होती. त्याने पिशवी शेजारच्या सीटवर खिडकीशी ठेवली. राहाता गेल्यावर दादाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

“निघालात?” दादाने विचारलं.

“निघालो. दादा, आक्काला...”

पण दादा बोलतच होता, एवढं तो एरवी वर्षभरात बोलत नसे. “आई वाट बघतीया. नगरला उतरू नका, मी कर्जतच्या स्टँडवर येतो गाडी घिऊन. आन् राहुरीच्या पुढं काच वर घे, तिला वारा बाधतो.”

“दादा, आक्का आली नाही. सासूबाईंचे गुडघे धरलेत.”

मागे आईचा आवाज ऐकू येत होता, कुठवर आलेत विचार की रे.

“बरं,” दादा म्हणाला.

फोन बंद झाला. राहुरी गेल्यावर गार वारा आत येऊ लागला. अजिनाथने हात लांब करून पिशवीच्या बाजूची काच ओढून घेतली.